चाफेकळी

दुपारची जेवणं आटोपली, वामनरावांनी कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतलं आणि वाळ्याचा ओला वास खोलीत पसरला, की अनुसूयाबाईंचं बोट परत यायचं.

उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं ते बोट आता नव्हतं. माघात डॉक्टरांनी ते मुळापासून काढलं होतं. झालं होतं एवढंच, की शेजारणीच्या नातवाचं बोरन्हाण होतं, आणि झाशीच्या खंडेराव गेटबाहेरच्या गाडीवर अनुसूयाबाई एकेक बोर पारखून घेत होत्या. देठाला अजून डहाळी असलेली, ताजी. गाडीवाली म्हणालीसुद्धा, "देख कें अम्माजी, काँटो लग जैहे." लागला. रक्ताचा थेंब आला, तो त्यांनी पदराला पुसला आणि घरी येऊन हळद दाबली. पुढे आठवडाभर घरोघरचं हळदीकुंकू. बोट सुजलं, ठणकू लागलं, तरी त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. अंगात साखर मुरलेली. बोट पिकल्या जांभळासारखं झालं तेव्हा कुठे वामनरावांच्या लक्षात आलं, आणि मग डॉक्टरांच्या हातात कापण्याखेरीज काही उरलं नव्हतं.

जखम मात्र छान भरली. टाके निघाले, डॉक्टर खूश झाले. वामनराव जन्मभर कलेक्टर कचेरीत कारकून होते, त्यांना सगळ्याचा शेवट विनोदात करायची सवय. ते म्हणाले, "चला, आता तुम्हाला माझ्याकडे बोट दाखवून बोलता यायचं नाही!" अनुसूयाबाई हसल्या. तेव्हा त्यांनाही वाटलं होतं, संपलं.

संपलं नव्हतं. चमचा धरला की निसटायचा. कुलपात किल्ली फिरायची नाही. चिमटीत मीठ घ्यावं तर मधलं बोट ताठ उभं राहायचं, आणि आमटी कधी अळणी तर कधी खारट उतरायची. देवळात बायका हाताकडे बघून पटकन नजर वळवायच्या, म्हणून उजवा हात पदराखाली राहू लागला. आणि एक दिवस त्याच पदराची कड बोटाच्या जागी उरलेल्या उंचवट्याला नुसती घासली, तर खांद्यापर्यंत वीज गेली. त्या खालीच बसल्या. मग ते रोजचंच झालं. संध्याकाळ झाली की नसलेलं बोट आपोआप आत वळायचं, घट्ट मुडपायचं, आणि त्याचं नख तळहातात रुतायचं. बघावं तर तळहात कोरा. उघडायचं म्हटलं तर उघडायला बोट नाही.

पण दुपारी निराळंच व्हायचं. बाहेर झाशीचं ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही, कूलरची घरघर दूर कुठेतरी ओढ्यासारखी वाहतेय. डोळे मिटायला लागले की ते बोट हळूच सरळ व्हायचं. लांबसडक, तरुण, गार. ज्येष्ठाच्या त्या भट्टीत सगळं अंग घामाने चिकचिकत असताना ते एकच बोट गार. आणि मग त्याच्या टोकावर दुसऱ्या एका बोटाचं टोक येऊन टेकायचं. मऊ, ओलसर, थंड. ते दाबायचं. जराच. पुढे न्यायचं, मागे आणायचं.

ते बोट कुणाचं हे अनुसूयाबाईंना पहिल्याच दिवशी कळलं होतं.

त्यांचं माहेर सागरचं. आई गेली तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. घरात आईचा फोटो नव्हता. चेहरा केव्हाच पुसट झाला होता. आवाज तर इतका गेला होता, की स्वप्नातही आई बोलायची नाही. आई गेली त्याच्या आदल्या वैशाखात मावशीचं लग्न निघालं होतं. माजघरात बायका गव्हले वळत बसल्या होत्या. दुधात भिजवलेल्या रव्याचा कण चिमटीत घ्यायचा, अंगठ्यावर वळायचा, आणि गव्हाच्या दाण्यासारखा दोन्हीकडे टोकदार करून ताटात सोडायचा. लग्नाच्या खिरीला हेच लागतात. छोट्या अनूला ते जमेना. तिचे गव्हले पोट सुटलेले व्हायचे. तेव्हा आईने तिला मांडीत ओढलं होतं, मागून दोन्ही हात पुढे घेतले होते आणि आपलं बोट तिच्या बोटावर ठेवलं होतं. सदा माठाच्या पाण्यात असलेले आईचे हात गार असायचे. "अंगठा हलवायचा नाही. काम सगळं चाफेकळीचं," आई म्हणाली होती. म्हणजे ती असं म्हणाली होती हे माहीत होतं, आवाज नव्हता. अंगठ्याशेजारच्या बोटाला आई चाफेकळी म्हणायची.

पासष्ट वर्षं हे कुठे होतं देव जाणे. बोट कापलं आणि ते वर आलं.

त्या कुणाला बोलल्या नाहीत. सांगणार तरी काय? बोट नाही, त्याला आई हात लावते? म्हातारीला भ्रम झाला म्हणतील.

वैशाखात डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला. उंचवट्यावर नुसतं टिचकीएवढं वाजवलं, तर अनुसूयाबाई खुर्चीतून उठल्याच.

"अम्मा, नस जहाँ कटी थी, उसके सिरे पर गाँठ बन गई है," ते म्हणाले. "छूते ही करंट उसी से लगता है. छोटा-सा ऑपरेशन है. गाँठ निकालकर सिरा भीतर मांस में दबा देंगे."

"और वो उंगली जो..." अनुसूयाबाई अडखळल्या. "जो लगती है, कि है?"

डॉक्टर हसले नाहीत, याचं त्यांना बरं वाटलं. "वो बहुतों को लगती है. दर्द तो उम्मीद है चला जाएगा. बाकी वो उंगली रहे न रहे, इसका वादा मैं नहीं कर सकता. लेकिन ठंड से पहले करा लीजिए. सर्दी में ये हाथ और सताएगा."

"सोचते हैं," अनुसूयाबाई म्हणाल्या.

आणि विचारच करत राहिल्या. आधी म्हणाल्या, साखर आटोक्यात येऊ दे. ती आली. मग म्हणाल्या, उन्हाळ्यात जखम चिघळते. मुलगा मंदार कारखान्याच्या कॉलनीतून रोज फोन करायचा. "आई, माझ्या आभाचं लग्न मार्गशीर्षात आहे. त्याच्या आत हात नको का बरा व्हायला? तूच म्हणायचीस ना, गव्हल्यांचा मुहूर्त माझ्या हातचा?"

"हो रे. बघू."

"काय बघू? भीती वाटते का?"

"छे, भीती कसली!"

पण भीतीच होती. सुरीची नव्हे. दुखणं आणि आई एकाच शिरेला लटकलेली. एक कापलं तर दुसरं राहील याचा वादा कुणी करत नव्हतं. आई त्यांच्या हातून एकदा गेली होती, तेव्हा त्या लहान होत्या, कुणी विचारलं नव्हतं. आता विचारत होते. आता त्यांनी स्वतःच्या तोंडाने हो म्हणायचं होतं.

आभा, मंदारची मुलगी, आजीआजोबांकडेच राहायची; तिची बँक इथून जवळ. पोरगी गुणी. मराठी सगळी कळायची, बोलताना मात्र अर्ध्यात हिंदीचा रस्ता धरायची. एका रविवारी दुपारी ती आजीच्या पायथ्याशी फोन बघत पडली होती. अनुसूयाबाईंना गाढ झोप लागली होती. बोट गार झालं होतं, त्यावर ते दुसरं बोट आलं होतं. आणि त्या झोपेत स्पष्ट बोलल्या, "माझी चाफेकळी देऊ नका हो कुणाला."

आभा उठून बसली.

थोड्या वेळाने पुन्हा. "आईची आहे. तेवढीच राहिलीय."

चाफेकळी हा शब्द आभाने जन्मात ऐकला नव्हता. चंपाकली तिला माहीत होती. सराफ्यात काचेआड टांगलेली असते ती, कळ्याकळ्यांची माळ. आजीचा दागिना गेला, आणि आजी हे मनात ठेवून झुरतेय! ती आजोबांकडे गेली.

"आजोबा, आजीकडे चंपाकली होती का?"

वामनरावांना कानाचं यंत्र दुपारी नको असायचं. "कोण होती?"

"चंपाकली! गले की!"

"होती की. आमच्या आईची. चांगली ठसठशीत होती."

"मग गेली कुठे?"

"कुसुमच्या लग्नात कुसुमला घातली. का गं?"

वामनरावांची थोरली बहीण कुसुमावती ओरछा गेटला राहायची. ऐंशी पार केलेली, पण जीभ काल धार लावलेली. आभाने तिला फोन लावला, आणि जेवढी म्हणून नाजूकपणे सांगता येईल तेवढी गोष्ट सांगितली: आजी झोपेत रडते, चंपाकलीसाठी, कुणी रागावू नका, लग्नात एक दिवस आजीच्या गळ्यात दिसली तरी पुरे.

पलीकडून तडक फोन बंद.

चहाची वेळ व्हायच्या आत दारात ई-रिक्षा थांबली. कुसुमावती जिना चढून आली, बसली नाही, पाणी घेतलं नाही. कमरेचा रुमाल सोडून तिने अनुसूयाबाईंच्या मांडीत टाकला.

"घे! घे तुझी चंपाकळी!"

अनुसूयाबाई नुकत्या उठल्या होत्या. डोळ्यांवर झोप होती. मांडीत पिवळ्या कळ्या लुकलुकत होत्या. "हे काय, वन्सं?"

"मलाच विचार काय ते! आईने स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यात घातली. तेव्हा तू या घरात आलीसुद्धा नव्हतीस. आणि आता झोपेत बरळतेस, देऊ नका कुणाला, आईची आहे! नातीकरवी निरोप! तोंड नव्हतं तुला?"

"मी कधी मागितली चंपाकळी?"

"आजी, तू बोललीस," आभा रडकुंडीला आली होती. "नींद में. मी ऐकलं. चाफे... चाफेकली देऊ नका म्हणून."

अनुसूयाबाईंना हसू फुटलं. माघापासून त्या अशा हसल्या नव्हत्या. हसता हसता पदराखालचा उजवा हात बाहेर आला, आणि अंगठा आणि मधलं बोट यांच्यामधली मोकळी जागा त्यांनी दोघींसमोर धरली.

"अगं, ही! ही चाफेकळी. माझी आई या बोटाला चाफेकळी म्हणायची."

कुसुमावती बघत राहिली. "मग बोट म्हण की सरळ!" ती खेकसली आणि धपकन खुर्चीत बसली. "जीव गेला माझा जिना चढून."

"झोपेत सरळ कसं म्हणू, वन्सं?"

"आमची आईही म्हणायची तसं," कुसुमावती दम खात म्हणाली. "पार विसरले होते." मग तिने अनुसूयाबाईंच्या मांडीवरची माळ उचलली, रुमालात बांधली. "ही मी परत नेतेय हो. उगाच गैरसमज नको."

वामनराव दारात उभे होते. त्यांनी यंत्र लावून घेतलं होतं. "काय झालं? काय हसताय?"

"तुझ्यामुळे भांडण होणार होतं, ते राहिलं," कुसुमावती म्हणाली.

आभा मात्र हसली नव्हती. ती आजीच्या हाताकडे बघत होती. "पण आजी, बोट तर गेलं. मग देऊ नका म्हणजे काय? किस को नहीं देनी?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. अनुसूयाबाईंनी सांगितलं. हळूहळू, खिडकीबाहेरच्या पांढऱ्या उन्हाकडे बघत, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. दुपारचं गार बोट. माजघर. मांडी. दाबणं, जराच. आणि डॉक्टर म्हणाले ते, राहील न राहील.

वामनरावांनी नाकावरचा चष्मा काढून पुसायला घेतला. कुसुमावतीने एवढंच विचारलं, "आणि संध्याकाळी नख रुततं म्हणतेस, ते?"

"ते माझंच, वन्सं. आई दाबत नाही तसं. ती गेली की मीच मूठ आवळते."

आभा उठली. स्वयंपाकघरात डबे वाजले. ती वाटीत रवा आणि दूध घेऊन आली. रवा जाडा होता, दूध जास्त झालं होतं.

"हे काय लापशी करतेस?" कुसुमावतीने वाटी ओढून घेतली. "आण इकडे. बारीक रवा नाही का घरात?" ती मळत बसली. आभा आजीच्या मागे येऊन गादीवर टेकली, पाय दोन्हीकडे पसरले, आणि लहानपणी खेळायची तसा आजीच्या काखेतून आपला उजवा हात पुढे काढला.

"आजी, तू हात आत घे. पदरात. हां. अब ये तेरा हाथ. सांग, काय करायचं?"

अनुसूयाबाईंनी खाली पाहिलं. त्यांच्या पदराआडून एक हात आला होता. पाच बोटांचा. नखांना गुलाबी रंग होता, पण तो त्यांच्याच खांद्यातून आल्यासारखा दिसत होता. बघता बघता डोळे फसले. पदराखाली, जिथे काही नव्हतं, तिथे बोट सावकाश सरळ झालं. संध्याकाळ होत आली होती, आवळायची वेळ झाली होती, आणि ते आवळलं नाही.

"कण घे," त्या म्हणाल्या. "एवढा नको. मुंगीला पेलेल एवढा. अंगठा हलवायचा नाही."

आभाचा पहिला गव्हला लाटण्यासारखा झाला. दुसरा चिमटीतच चिकटला.

"हे गव्हले म्हणायचे की शेंगदाणे?" कुसुमावती म्हणाली. "नवरा खीर खाईल की दात मोजेल?"

"आत्याआजी, रुको ना!"

"जोर नाही लावायचा," अनुसूयाबाई म्हणाल्या. "असं." सांगून कळेना, तेव्हा त्यांनी डावा हात पुढे आणला. डाव्या हाताचं बोट आभाच्या बोटावर ठेवलं. दाबलं. जराच. पुढे नेलं, मागे आणलं.

"बाप रे!" आभा त्यांच्या कानाशी म्हणाली. "आजी, तुझं बोट किती थंड आहे!"

अनुसूयाबाईंचा हात तिथेच थांबला.

आभाचं बोट त्यांच्या बोटाखाली कोमट होतं, मऊ होतं, आणि भलतीकडेच जायला बघत होतं. पोराचं बोट असंच लागतं तर. आईला असं लागलं असेल. पासष्ट वर्षं त्यांनी त्या स्पर्शाची आपली एकच बाजू सांभाळली होती, खालची. वरच्या बाजूने तो कसा असतो याचा विचारही कधी मनात आला नव्हता. ह्या बाजूला काही आठवावं लागत नव्हतं. हात आपणच जाणत होता किती दाबायचं ते.

"आजी? दुखलं का?"

"नाही गं. वळ."

ऊन भिंतीवरून उतरलं. ताटात काही गव्हले पडले. बहुतेक वाकडे, एखादा बरा. कुसुमावतीच्या हातातून दाणे पावसाच्या थेंबांसारखे टपटप सुटत होते, आणि तिचे ओठ कसलं तरी जुनं गाणं पुटपुटत होते, ज्याचे शब्द तिलाही धड आठवत नव्हते. मध्येच पदर उंचवट्याला घासला आणि वीज गेली. अनुसूयाबाई कळवळल्या, आभाचा हात दचकून मागे गेला.

"बघ," कुसुमावती हलकेच म्हणाली. "असं किती दिवस, अनुसूये?"

अनुसूयाबाईंनी श्वास खाली बसू दिला. "अहो," त्यांनी वामनरावांना हाक मारली, "मंदारला फोन लावा. डॉक्टरांना विचार म्हणावं, कधी."

वामनरावांना पहिल्याच हाकेला ऐकू आलं.

आषाढाच्या तोंडावर तारीख मिळाली. भूल हाताचीच दिली होती; खांद्याजवळ सुई टोचली आणि हात हळूहळू परका झाला. आधी कोपर गेलं, मग मनगट, मग करंगळी, मग बाकीची बोटं, संध्याकाळी एकेका घरातला दिवा मालवावा तशी. समोर हिरवा पडदा लावला होता. वर दिव्याचा मोठा पांढरा गोल, उन्हाळी दुपारसारखा. अनुसूयाबाईंचे डोळे जड झाले.

सगळा हात गेला होता. नसलेलं बोट तेवढं जागेवर होतं. गार, सरळ. त्यावर ते दुसरं टोक येऊन टेकलं होतं. त्यांनी वाट पाहिली. नेहमी ह्या क्षणाला त्या घाबरून ते धरून ठेवायच्या, आणि धरायला गेलं की मूठ वळायची. आज त्यांनी धरलं नाही. हात होता तसा उताणा पडू दिला. ज्याला राहायचं ते राहील.

"अम्मा," पडद्यापलीकडून डॉक्टरांचा आवाज आला, "कुछ महसूस हो रहा है? वो आपकी उंगली, अभी भी है क्या?"

"है," अनुसूयाबाई म्हणाल्या. "आप अपना काम करिए, भैया."